आठवा डबा

विगोच्या रेडिओवर दर वेळी ब्राइसच उत्तर देतो.
"समुद्र," म्हणतो. "आमच्याकडे सगळं समुद्रातून येतं."
ब्राइस डोंगरातला. त्याच्या बापाच्या अकरा गाई आहेत
आणि बोटीवर पाय ठेवला की याला मळमळतं.
पण आवाज असा खर्जातला
की निवेदिका मान डोलावते.

आंतिया मावशीचं सांगते. डेल्फिना मावशी,
जिच्याकडे डफ नव्हता,
जी मिरचीपुडीच्या पत्र्याच्या डब्यावर चमचा घासून
अख्खी आळी नाचवायची.
हे मात्र खरं. तो डबा आंतियाकडे आहे.
अजून उघडला की शिंका येतात.

उशीओ ड्रमवर. त्याला प्रेरणा विचारली
की तो खिशातला पाव काढून खायला लागतो.

उरले मी. बास वाजवणारीला कोण विचारतं?
पण ज्या गाण्याला लोक उठून उभे राहतात,
सातनंतर जिथे ठेका दचकतो, पाय हवेत राहतो,
आणि सगळं मैदान एकदम श्वास धरतं,
ते गाणं माझं आहे.
एका प्राध्यापकांनी लिहिलंय, ही लय मळणीची,
हजार वर्षं जुनी, उत्तरेच्या बेटांवरून आलेली.
तो कागद आम्ही गाडीच्या गळक्या खिडकीला लावलाय.

लय कारखान्याची आहे.
धक्क्याच्या टोकाला तारल्यांचा कारखाना,
त्यात डब्यांना झाकणं ठोकणारं यंत्र,
आणि त्याच्या पाठीला पाठ लावून आमचं घर.
मी त्या भिंतीला कान लावून वाढले.
ठक ठक ठक ठक ठक ठक ठक, आणि मग

काही नाही.

मग पुन्हा पहिल्यापासून.
मला वाटायचं, यंत्राचा एक दात पडलाय,
माझा पडला होता तसा.
पलीकडे रात्रपाळीला आई. उजाडताना यायची,
लिंबाच्या फोडीने हात घासायची, तरी वास जायचा नाही.
मग दुपारपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही.

कारखाना गेला. तिथे आता हॉटेल आहे,
खोल्यांना माशांची नावं दिलेलं.
भिंत पाडली त्या दिवशी मी ओरेन्सेत होते,
भाड्याच्या खोलीत, गिटार मांडीवर,
आणि बोटं आपोआप सात मोजून थांबली.
एवढंच. याला प्रेरणा म्हणायचं तर म्हणा.

परवा आई पहिल्यांदा ऐकायला आली.
एर्मितास, वय एकोणऐंशी,
पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून.
कार्यक्रम संपल्यावर मागे आली, कानातला कापूस काढला.
"आवाज फार," म्हणाली.
मग जरा वेळाने, "ते कारखान्यातलं ना?"
हो म्हटलं. यंत्राचा तो तुटका दात.

"कसला दात! जर्मन यंत्र होतं, ठणठणीत.
सात डबे मी सरकवायचे. आठवा सरकवायचे नाही."
का?
"मनगट चोळायला."

तिने टेबलावर तळव्याने वाजवून दाखवलं.
सात झाले. आठव्याला
डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, न बघता,
पंचवीस वर्षांनीही वेळेवर.
"मुकादम बेनिग्नोला ठाऊक होतं. बोलायचा नाही.
पगारातून मात्र कापायचा,
रात्रीचे तीनशे डबे."

मी काय बोलणार?
जगभर मी त्या जागेला यंत्राचा बिघाड म्हणून वाजवलं होतं.
आंतियाने उगाच भात्याचा पट्टा सोडला, पुन्हा लावला.
ब्राइससुद्धा गप्प. समुद्र कुठेच नव्हता.

शेवटी उशीओने तोंडातला घास गिळला
आणि त्या वर्षातलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य बोलला,
"काकू, मग ती थांबायची जागा आम्ही थोडी वाढवू का?"

आईचे डोळे लकाकले. "वाढवा की," म्हणाली.
मग दाराकडे एकदा बघून घेतलं,
आणि आवाज खाली आणला.
"नको. लक्षात येतं त्यांच्या."